विनिपेगचा हिवाळा, वाट बघणं आणि तिळातिळाने वाढणारा दिवस

प्रश्न विचारणारी मुलगी सोलापूरची, सप्टेंबरमध्ये शिकायला कॅनडातल्या विनिपेगला आली, हा तिचा पहिलाच हिवाळा. तिचं म्हणणं थोडक्यात असं की फेब्रुवारी संपत आला तरी बर्फ हटत नाही, सकाळी उठवत नाही, सारखं ब्रेड आणि गोड खावंसं वाटतं, क्लास सोडून कुठे जायची इच्छा होत नाही, दिवसातून दहा वेळा फोनवर पुढच्या १४ दिवसांचं वेदर बघते आणि सगळीकडे मायनसच दिसतं म्हणून रडू येतं. शेवटी विचारलंय, "ताई, स्प्रिंग नक्की कधी येतो, आणि तोपर्यंत दिवस कसे काढायचे?"

हे बघ बाळा, मी इथे २००१ साली आले. नर्स आहे, आणि त्यातली १९ वर्षं होम केअरमध्ये गेली, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायचं, इन्सुलिन द्यायचं, औषधं बघायची. दिवसाला सहा-सात घरं, प्रत्येक घरासमोर गाडीतून उतरा, बर्फातून चाला, दारात बूट काढा, परत घाला. हिवाळ्यात घरात अडकून पडलेली माणसं मी किती बघितली त्याची मोजदाद नाही, तुझं वाचताना पुढची ओळ काय असेल ते मला कळत होतं. तू कमजोर आहेस म्हणून हे होतंय, हे आधी मनातून काढून टाक.

आणि दुसरं म्हणजे तू विचारलंयस ते अगदी अवघड दिवसांत. डिसेंबरमध्ये बर्फाचं नवल असतं, ख्रिसमसचे दिवे असतात, जानेवारीत थंडी पडणारच हे माहीत असतं. फेब्रुवारीच्या शेवटी मात्र अंगातलं बळ संपलेलं असतं आणि घरून व्हॉट्सॲपवर आंब्याच्या मोहोराचे फोटो यायला लागतात, आई म्हणते ऊन तापायला लागलं बाई, आणि आपण खिडकीतून बघतो तर प्लाऊने (बर्फ हटवणाऱ्या गाडीने) रस्त्याच्या कडेला लावलेला ढिगारा माणसापेक्षा उंच झालेला. तिथे मन खचतं. माझंही पहिली तीन वर्षं याच दिवसांत खचायचं.

आता स्प्रिंग कधी, याचं खरं उत्तर देते. कॅलेंडरवर २० मार्च, पण त्यावर जाऊ नकोस. बर्फ साधारण एप्रिलमध्ये जातो, झाडांना पानं मे अर्धा उलटल्यावर, आणि टोमॅटोची रोपं बाहेर लावायची ती मे लाँग वीकेंडनंतर (व्हिक्टोरिया डेची सुट्टी असते तो), कारण तोपर्यंत रात्री दहिवर गोठतं. मधे एकदा-दोनदा प्लस ५ होईल, लोक टी-शर्टवर फिरतील, आणि मग कोलोरॅडो लो, म्हणजे कोलोरॅडोकडून येणारं बर्फाचं वादळ, येऊन पुन्हा सगळं पांढरं करून टाकेल. २०२२ च्या एप्रिलमध्ये अशी वादळं एकापाठोपाठ आली होती. १९९७ मध्ये तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ५० सेंटीमीटर बर्फ पडला आणि त्याच्यामागून रेड नदीचा तो मोठा पूर आला, माझे जुने पेशंट अजून त्या दिवसांबद्दल बोलतात. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. १५ मार्चला सगळं संपणार असं धरून बसलेली माणसंच मार्चमध्ये सगळ्यात जास्त कोसळतात, असं मी दरवर्षी बघते. म्हणून सांगतेय.

पण तू सोलापूरची आहेस ना, मग वाट कशी बघायची हे तुला शिकवायची खरं तर गरज नाही. आपल्याकडे मे महिन्यात माणसं पावसाची वाट बघतात ती काय तारखेवर बघतात का? मृग नक्षत्र माहीत असतं, पण डोळे असतात खुणांवर. पावशा ओरडला का, मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्या का, कावळ्याने घरटं झाडाच्या कुठल्या फांदीवर बांधलं, वारं कुठून सुटलं. पाऊस पडायच्या कितीतरी आधीपासून तो यायला लागलेला असतो आणि म्हाताऱ्या माणसांना तो दिसतो. इथला वसंतही तसाच येतो गं, तुकड्यातुकड्याने, आणि पहिला तुकडा आलेला आहे, तो तू ॲपवर शोधतेयस म्हणून दिसत नाहीये. तो म्हणजे उजेड.

आकडेच सांगते. २१ डिसेंबरला विनिपेगचा दिवस ८ तास ५ मिनिटांचा असतो. सोलापूरचा सगळ्यात लहान दिवससुद्धा ११ तासांचा, म्हणजे आयुष्यात तुझ्या शरीराने एवढा अंधार कधी बघितलेलाच नव्हता. आणि आता, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दिवस साडेदहा तासांच्या पुढे गेलाय आणि रोज तीन मिनिटांहून जास्त वाढतोय. डिसेंबरमध्ये दुपारी बाराचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६-१७ अंशांवर असतो, आता ३० च्या आसपास आलाय. जेवढा उजेड तुला ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिळत होता, तेवढा आज मिळतोय, आठवून बघ तेव्हा तू कशी हिंडत होतीस. आपल्याकडे संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात, ते मला लहानपणी नुसतं बोलायचं वाक्य वाटायचं, महाराष्ट्रात तो फरक फारसा जाणवतच नाही. इथे आल्यावर मला तो तीळ दिसला.

मग एवढा उजेड असून थंडी का? कारण बर्फ. ताजा पांढरा बर्फ पडलेल्या उन्हातलं ८०-९० टक्के ऊन परत आकाशात फेकतो, आणि जे थोडं शिरतं ते आधी वितळवण्यात खर्च होतं. शून्य डिग्रीचा बर्फ नुसता शून्य डिग्रीचं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० डिग्रीपर्यंत तापलं असतं. म्हणजे मार्चमध्ये बाहेर काहीच होत नाही असं वाटतं ना, तेव्हा सूर्य खूप काम करत असतो, फक्त ते थर्मामीटरवर दिसत नाही. मला हे कळलं तेव्हा फार आधार वाटला होता.

आता तुझ्या तब्येतीचं. जास्त झोप, उठवत नाही, ब्रेड-गोड खावंसं वाटणं, माणसं नकोशी होणं, हे सगळं एकत्र आणि हिवाळ्यातच येत असेल तर त्याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर म्हणतात, १९८४ मध्ये याचं पहिलं नीट वर्णन झालं. तुला तेच आहे असं मी इथून सांगणार नाही, ते डॉक्टरचं काम, पण उपाय म्हणून लाइट बॉक्स, म्हणजे प्रखर दिव्याची पेटी, मी स्वतः वापरते आणि पेशंटच्या घरी काम करताना बघितलाय. १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) हवा, यूव्ही फिल्टर असलेला, सकाळी उठल्याउठल्या अर्धा तास, साधारण हातभर अंतरावर ठेवून समोर बसायचं, डोळे उघडे पण थेट दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, चहा प्यायचा, काहीतरी वाचायचं. आठवड्या-दोन आठवड्यांत फरक कळतो. कॅनडातच झालेल्या आणि २००६ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अशा हिवाळी डिप्रेशनवर लाइट बॉक्स आणि नेहमीची गोळी यांचा गुण सारखाच आला होता. संध्याकाळी मात्र लावू नकोस, झोप उडते. आणि डोळ्यांचा काही आजार असेल किंवा घरात कुणाला बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) असेल तर आधी डॉक्टरला विचार, हे मी मुद्दाम सांगतेय कारण बॉक्स दुकानात सहज मिळतो आणि तिथे कुणी हे विचारत नाही.

व्हिटॅमिन डीचं पण बघ. १९८८ च्या एका अभ्यासात असं दिसलं की एडमंटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च उन्हात बसलं तरी त्वचेत हे व्हिटॅमिन तयारच होत नाही, विनिपेग थोडं दक्षिणेला आहे पण फार फरक नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर ऊन अजून जास्त लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट लागतात असं इथलं सरकारी माप आहे, दुधात थोडं घातलेलं असतं, तू दूध पीत नसशील तर गोळी घे, पण ४,००० च्या वर स्वतःच्या मनाने जायचं नाही.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट विचारते. जगूच नये असं वाटतं का? वाटत असेल तर वसंताची वाट बघायची नाही, आज फोन करायचा. ९८८ हा नंबर पूर्ण कॅनडात चालतो, २४ तास, कॉल किंवा टेक्स्ट. युनिव्हर्सिटीत काउन्सेलर असतात, तू फी भरलीस त्यातच ते येतं बहुतेक ठिकाणी. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज रडू येत असेल तरी डॉक्टरकडे जा. होम केअरमध्ये मी अशी माणसं बघितलीत जी चार-चार हिवाळे "एप्रिलमध्ये होईल नीट" म्हणत तसेच काढत होती, आणि उपचार सुरू झाल्यावर म्हणाली, आधीच का नाही केलं.

आता बाहेर पडायचं. मला माहितीये हे ऐकायला नको वाटतं, पण रोज, शक्यतो दुपारच्या आत, २० मिनिटं बाहेर चालायचं. घरात ट्यूबलाइटखाली जेमतेम ३००-५०० लक्स असतात. बाहेर ढगाळ असलं तरी काही हजार, आणि उन्हाच्या दिवशी बर्फावरून उलटून येणारा उजेड धरला तर तुझ्या लाइट बॉक्सच्या कितीतरी पट. विनिपेगची एक चांगली गोष्ट म्हणजे इथे जेवढी कडाक्याची थंडी तेवढं आकाश बहुतेक स्वच्छ. मायनस ३० च्या सकाळी कधीकधी सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन झगझगीत ठिपके दिसतात, सन डॉग म्हणतात त्यांना, आपल्याकडे चंद्राला खळं पडतं ना तसं काहीसं, हवेतल्या बर्फाच्या बारीक स्फटिकांमुळे होतं. मी नुसतं ते बघायला गाडी थांबवलीये कितीतरी वेळा. ऊन खाणं हा आपला किती छान शब्द आहे, इथल्या लोकांना मी तो समजावून सांगते. पार्का (जाड हिवाळी कोट) घालून, फक्त तोंड उघडं ठेवून, बसस्टॉपच्या दक्षिणेकडच्या काचेला टेकून ऊन खाता येतं, करून बघ. आणि हो, गॉगल लाव, फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फावरून येणारं ऊन डोळ्यांना जाळतं.

कपड्यांत नवीन आलेली मुलं सगळ्यात जास्त चुकतात. जाड महागडा पार्का घेतात आणि आत कॉटनचा टी-शर्ट, कॉटनचे मोजे. कॉटन घाम धरून ठेवतं, ओलं झालं की संपलं. आत लोकरीचे किंवा सिंथेटिक लॉन्ग जॉन्स (अंगालगत घालायचे गरम कपडे), मधे फ्लीस, वर वारा अडवणारं काहीतरी. हाताला बोटांचे ग्लोव्हज नकोत, मिट्स घे, चार बोटं एकमेकांना ऊब देतात. कानावर टूक (विणलेली गरम टोपी) पाहिजेच. बूट अर्धा साइज सैल, दोन-दोन मोजे कोंबून घट्ट केलेस तर रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, मायनस २८ च्या खाली गेली की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, मायनस ४० ला तर ५ ते १० मिनिटांत, त्या दिवशी फिरायला जायचं नाही, मॉलमध्ये किंवा डाउनटाउनच्या स्कायवॉकमध्ये (इमारती जोडणाऱ्या बंद वाटांत) फेऱ्या मार. नाक-गाल पांढरे, मेणासारखे दिसले आणि तिथे काही जाणवेनासं झालं तर आत जा, कोमट पाणी लाव, चोळायचं अजिबात नाही.

पडण्याबद्दल एक. लोक जानेवारीला घाबरतात पण मार्चमध्येही हाडं मोडतात, कारण दिवसा वितळतं आणि रात्री त्याची काच होते, वर नवा बर्फ भुरभुरला की काही दिसतच नाही. माझं मनगट दुसऱ्या वर्षी असंच गेलं, पेशंटच्या दारातल्या पायरीवर, दोन्ही हातांत पिशव्या होत्या. तेव्हापासून हात मोकळे, पाठीला सॅक, छोटी पावलं, पेंग्विनसारखं वजन पुढच्या पायावर, आणि बुटाला ग्रिपर (घसरू नये म्हणून तळाला लावायचे काटे). एप्रिलपर्यंत काढत नाही मी ते.

घरात हवा फार कोरडी होते, फर्नेस चालू असतो ना. कातडी तडकते, नाकातून रक्त येतं, दाराला हात लावला की शॉक बसतो. रात्री हीटरजवळ पाण्याचं भांडं किंवा ह्युमिडिफायर ठेव, अंघोळीनंतर ओलसर अंगावरच तेल लाव. खोबरेल बाटलीत दगड झालेलं असतं, रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेव म्हणजे चमच्याने निघेल. दही लागत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते, ओव्हन बंद ठेवून आतला फक्त दिवा चालू ठेवायचा आणि भांडं आत, सकाळी घट्ट दही. आणि तुझ्या त्या ब्रेड-गोडाचं, उपाशी राहू नकोस, सकाळी पोटभर खा, अंडं, डाळ, थालीपीठ, तीळ-गूळ-शेंगदाण्याचा लाडू एखादा. सकाळचं चुकवलं की रात्री बिस्किटाचा पुडा संपतो, हे मी स्वतःवरून सांगू शकते.

माणसांत जा. फेब्रुवारीत सेंट बोनिफेसमध्ये (विनिपेगचाच फ्रेंच भाग) फेस्टिव्हल दु व्हॉयाजर असतो, १९७० पासून चालू आहे, बर्फाचे पुतळे असतात आणि ताज्या बर्फावर गरम मेपलचा पाक ओतून काडीला गुंडाळून देतात, गुळाच्या काकवीचा जो ताणला जाणारा पाक असतो ना, तोंडात तसंच लागतं. यंदा हुकलं असेल तर पुढच्या वर्षी नक्की. द फोर्क्सला दोन नद्या मिळतात तिथे नदी गोठली की तिच्यावर स्केटिंगची वाट करतात, मार्चमध्ये बर्फ कमजोर होऊन बंद होईपर्यंत चालू असते. स्केटिंग येत नसलं तरी नुसतं चालता येतं. नदीच्या मधोमध उभं राहून शहर बघायचं, मला अजून भारी वाटतं. आणि पाडव्याला गुढी उभार. आम्ही एका वर्षी मायनस १२ मध्ये उभारली होती, काठी रोवायला जमीन कुठली, शॉव्हल करून साठलेल्या ढिगाऱ्यात खोचली, कडुनिंब नव्हता, साखरेची माळ होती, शेजारचं म्हातारं जोडपं कोट घालून बघायला आलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा इथे घरी असल्यासारखी उभी होते.

आता खुणांचं, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्यात मिळालं. माझ्या एक पेशंट होत्या, युक्रेनियन घरातल्या, नव्वदीच्या. बेसमेंटमध्ये जिरेनियमच्या कुंड्या हिवाळाभर झोपवून ठेवायच्या, जवळजवळ पाणी न घालता, आणि फेब्रुवारीच्या शेवटी एकेक वर आणून खिडकीत ठेवायच्या. मी ड्रेसिंग करताना त्या मला बाहेरचं काही ना काही दाखवायच्या. म्हणायच्या, ऐक, चिकडी आता फी-बी म्हणतोय. तो बारीकसा काळ्या टोपीचा पक्षी हिवाळाभर इथेच असतो, पण दिवस वाढायला लागला की त्याचा आवाज बदलतो, दोन सुरांची शीळ घालतो. पुणे-सोलापूरकडे कोकीळ ऐकल्यावर जे होतं ते मला आता या शिळेने होतं. मग त्या छपराच्या दक्षिणेकडच्या कडेला लटकणारे बर्फाचे सुळे दाखवायच्या, हवा मायनस १० असली तरी उन्हाने थेंब पडत असायचा. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फात गोल खळगा पडतो, गडद साल ऊन पिऊन तापते म्हणून. मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कावळे परत येतात, इथला कावळा बहुतेक हिवाळ्यात दक्षिणेला जातो, त्यामुळे काव काव ऐकून डोळ्यांत पाणी येण्याचा अनुभव मला कॅनडाने दिला. मार्चअखेर गीज (रानहंस) येतात, रात्री अंथरुणात पडल्यापडल्या वरून आवाज जातो त्यांचा. विलो नावाच्या झाडाला मांजराच्या पंजासारखे मऊ करडे कळे येतात. एप्रिलच्या शेवटी नार्सिसला, इथून १३० किलोमीटर उत्तरेला, चुनखडीच्या भेगांतून हजारोंनी गार्टर साप उन्हाला बाहेर पडतात, बिनविषारी म्हणावेत असे, माणसाला काही करत नाहीत, लोक पोरांना घेऊन बघायला जातात. सगळा हिवाळा ते जमिनीखाली, जिथे गोठण पोचत नाही तिथे, एकमेकांना बिलगून पडलेले असतात.

तर तू या आठवड्यात एवढं कर. एक वही घे, रोज बाहेरून आल्यावर एक ओळ लिही, आज काय बदललं. ढिगारा काळा पडला, संध्याकाळी सहालाही थोडा उजेड होता, बसस्टॉपवर पाणी साचलं, काहीही. आणि विलोच्या किंवा कुठल्याही झुडपाच्या, मालकाला विचारून, कळ्या धरलेल्या दोन-तीन डहाळ्या कापून आण, खोलीत ग्लासभर पाण्यात ठेव, दोन-तीन दिवसांनी पाणी बदल. दोन-तीन आठवड्यांत त्या खोलीतच फुटतात. जोडीला एका ट्रेमध्ये मूठभर मेथी पेर, मसाल्याच्या डब्यातली चालते, तीन दिवसांत मोड आणि आठ-दहा दिवसांत भाजीला येते. पहिल्या वर्षी मला वाचवणाऱ्या गोष्टींत ती मेथी फार वर आहे, हिरव्या रंगाची एवढी भूक लागलेली असते आपल्याला हे ती उगवेपर्यंत कळत नाही.

आणि एप्रिलच्या मध्याला, बर्फ गेला की लगेच, लिव्हिंग प्रेअरी म्युझियमला जा. विनिपेगच्या पश्चिमेला आहे, मूळच्या गवताळ जमिनीचा एक तुकडा शहरात राखून ठेवलाय. तिथे प्रेअरी क्रोकस येतो, मॅनिटोबाचं, म्हणजे इथल्या प्रांताचं, राज्यफूल आहे ते १९०६ पासून. पानंसुद्धा फुटलेली नसतात, वाळक्या पिवळ्या गवतातून फिकट जांभळं फूल वर येतं, बाहेरून सगळ्या अंगावर रेशमी लव, जणू लोकर घालूनच आलंय, आणि दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरतं, त्यामुळे आत बाहेरपेक्षा जरा ऊब असते आणि लवकर उठलेल्या माश्या तिथे येऊन बसतात. जेमतेम बोटभर उंच असतं, उभ्याने दिसत नाही, गुडघे टेकून बघावं लागतं. जमीन तेव्हा ओलीगच्च असते, जुनी पँट घालून जा.